सहाव्या खाटेचा केस पेपर

६ जानेवारी, मंगळवार

पहाटेपासून दोन बाळंतपणं. पहिलं नॉर्मल, मुलगी, २.९ किलो. दुसरीचं चाललंय. तिची सासू बाहेर बाकावर, दर पाच मिनिटांनी "झालं का वो बाई?" भाकरी आहे का ती, उलटली की झाली?

काल ह्यांच्या खाटेवरचा राऊंड माझ्याकडून राहून गेला. आज त्याचं फळ मिळालं. जेवलो की नाही हे आठवत नाही, लेकीचं, रेवाचं लग्न झालं हे आठवत नाही, पण केस पेपरवर कालची सही नाही हे बरोब्बर दिसलं. "राऊंड झालेला नाही. मी इथे कशासाठी झोपू?" म्हणून उठून लेबर रूमच्या दारात उभे. आत बाई कळा देतेय आणि दारात हे, हात मागे बांधून, सर्जनची वाट बघत असल्यासारखे. मुमताज सिस्टरने गोड बोलून परत नेलं. मी मागची तारीख टाकून सही केली, तेव्हा कुठे आडवे झाले.

मागची तारीख टाकू नये, हे इंटर्न असताना ह्यांनीच मला शिकवलं होतं.

८ जानेवारी, गुरुवार

तपासणीवाले फिरताहेत असं कळलं, म्हणून फायलींचं कपाट काढलं. नोंदणी प्रमाणपत्र (मार्चअखेर संपतंय), अग्निशमनचा दाखला, कचरा उचलणाऱ्यांचा करार. सगळं एका पिशवीत भरलं. त्यात ह्यांचा पहिला केस पेपर हाताला लागला. दिवाळीनंतरचा.

तेव्हा हे दोनदा रस्त्यावर निघून गेले होते. आमचं घर दवाखान्याच्या वरच, पण वर एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. ठेवलेला माणूस आठ दिवसांत पळाला. म्हणून वॉर्डाच्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीतून दिसेल अशी, दिवसापुरती खाट टाकली. पण हे आडवे होतील तर शपथ. ज्या इमारतीत तीस वर्षं भूल दिली तिथे दुपारी झोपायचं कसं? सुई टोचताना बायकांना सांगायचे, "घाबरू नका, माझ्या हातून भूल होते, चूक होत नाही." असा माणूस.

शेवटी नरसव्वा मावशी म्हणाल्या, "सरांना अ‍ॅडमिट करा की बाई. डाक्टर लोक मानसाचं ऐकत न्हाईत, कागदाचं ऐकतेत."

मावशी पूर्वी विड्या वळायच्या, बावीस वर्षांपासून माझ्याकडे आया. माझ्या एम.डी.ला जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं. मी रीतसर केस पेपर केला. नाव, वय ७१, खाट क्र. ६. निदान: निरीक्षणाखाली. उपचार: दुपारी १ ते ४ सक्त विश्रांती, संध्याकाळी सिस्टरबरोबर फेरी. खाली माझी सही. पॅडला लावून पायथ्याशी अडकवला. ह्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, "ठीक आहे" म्हणाले आणि झोपले. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

तेव्हापासून रोज राऊंड, रोज सही.

९ जानेवारी, शुक्रवार

आले. महापालिकेची एक डॉक्टरबाई, रेवाच्या वयाची असेल, आणि बरोबर रजिस्टर घेतलेला क्लार्क. बाई नम्र. पाणी घेतलं, चहा नाही.

कचऱ्याची लाल पिशवी, पिवळी पिशवी बघितली. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली. दरपत्रक भिंतीवर, रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर, मराठीत, वाचता येईल अशी. मी मनात म्हटलं, घ्या, काढा चूक. मग क्लार्क खाटा मोजू लागला. पेन्सिलने, शाळेतल्या हजेरीसारख्या.

"प्रमाणपत्र पाच खाटांचं आहे मॅडम. हितं सहा हायत."

मी म्हणणार होते की ती घरची खाट, माझ्या यजमानांची. तोंडही उघडलं होतं. पण तोवर बाईंनी पायथ्याचा पॅड उचलला होता. पान उलटलं. परत उलटलं. दोन महिन्यांच्या रोजच्या सह्या, सगळ्या माझ्या.

"प्रसूतिगृहात पुरुष रुग्ण?"

"ते माझे मिस्टर आहेत."

"मग हा केस पेपर खोटा आहे का?"

हो म्हणू की नाही, हे ठरवायच्या आत हे उठून बसले. केस नीट केले. आणि एकदम जुन्या, भारदस्त आवाजात म्हणाले, "मी इथे अ‍ॅडमिट आहे. ह्या डॉक्टरबाई रोज येतात, सही करतात. माझी काही तक्रार नाही."

क्लार्कने तेही लिहून घेतलं.

१० जानेवारी, शनिवार

मावशी कालपासून जेवल्या नाहीत. "माज्यामुळं झालं बाई. मीच म्हनलं, अ‍ॅडमिट करा." मी चिडून म्हटलं, सही माझी आहे, तुमची नाही, जेवा आधी. मग वाईट वाटलं. त्यांच्या ताटात माझ्या डब्यातली शेंगाचटणी वाढली.

मुमताजचं वेगळंच. "मॅडम, वो कागज गुम हो गया बोलो. नक्को टेन्शन." मी म्हटलं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढलाय. तर म्हणे, फोटो में अक्षर कहां दिखता, डॉक्टर का अक्षर हय. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा हसले.

पाळणे मात्र खाटेत मोजत नाहीत. बाळाला शासनाच्या लेखी अजून पाठ नसावी.

११ जानेवारी, रविवार

ओपीडी बंद. वॉर्डात बाळंतिणी दोघीच. सावकाश राऊंड घेतला.

हे: "तुम्ही ह्या दवाखान्यात नव्या का?"
मी: "बत्तीस वर्षं झाली."
"मग पगार वाढवून मागा."

नाडी ७४. बीपी छान. थोड्या वेळाने म्हणाले, "माझी बायकोही डॉक्टर आहे. हात हलका आहे तिचा." मग जरा थांबून, "तोंड जड."

मी सही केली.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

सकाळी मावशींनी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आणली. न खाई भोगी तो सदा रोगी, म्हणून ह्यांना आग्रह करकरून वाढली. हे दोन भाकऱ्या जेवले.

दुपारी नोटीस आली. कारणे दाखवा. मंजूर खाटांपेक्षा जास्त खाट, नोंदणीच्या प्रकारात न बसणारा रुग्ण. दंड का करू नये आणि नूतनीकरण का रोखू नये, याचा लेखी खुलासा द्यावा. सुनावणी २८ तारखेला अकरा वाजता. दंडाचा आकडा इथे लिहीत नाही, तो भरता येईल. नूतनीकरण रोखलं तर एप्रिलपासून दार बंद.

रेवाला फोनवर सांगितलं. तिने आधी बाबा जेवले का ते विचारलं. मग, "आई, आता बंदच कर ना. दोघं पुण्याला या." तिचं चुकत नाही. पण बाबांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर कुठल्या वॉर्डात अ‍ॅडमिट करणार आहे ती?

१४ जानेवारी, बुधवार

ह्यांनी सगळ्या बाळंतिणींना तिळगूळ वाटला. खाट एक ते पाच. मला शेवटी. "गोड बोला बाई, पेशंटशी."

१६ जानेवारी, शुक्रवार

एक शहाणपणा केला. म्हटलं, खाटच नको. काल संध्याकाळी दोघा माणसांकडून ती वर नेली. कोपरा झाडून घेतला, तिथे खुर्ची ठेवली.

आज एकला हे झोपायला आले. कोपऱ्याकडे बघितलं. मुमताजला विचारलं, "सहा नंबरचा पेशंट गेला का?" ती म्हणाली, "हां साब, घर गए." तर हे खुर्चीवर टेकेनात, तिथेच भिंतीशी उभे. "बरा होऊन गेला ना?" असं तीनदा विचारलं.

मग मी ओपीडीत अडकले. तेवढ्यात तीन नंबरची बाळंतीण न्हाणीघरात गेली आणि हे जाऊन तिच्या खाटेवर झोपले, बाळाच्या शेजारी, पांघरूण ओढून. तिच्या नवऱ्याने बघितलं. तो आवाज चढवायला लागला, आणि बरोबरच होतं त्याचं. तिच्या आईने त्याला गप्प केलं. सांगोल्याकडची बाई, कमरेला पदर खोचलेला. "आरं म्हातारं मानूस हाय ते, बाळाला काय खातंय व्हय? बाळाकडं बग की, कसं गप झोपलंय." मग मला बाजूला घेऊन हळूच, "बाई, यास्नी जागा करा कुटंतरी. आसं दुसऱ्याच्या हातरुनात बरं न्हाय दिसत."

संध्याकाळी खाट परत खाली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, माझं तर दोन्ही दाबलंय.

१९ जानेवारी, सोमवार

महापालिकेत गेले. आरोग्य विभागाच्या बाकावर दीड तास. माझ्यासारखेच तीन-चार डॉक्टर फायली मांडीवर घेऊन. एरवी आमच्या बाकावर लोक बसतात. जरा बरं झालं, बाक किती टणक असतो ते कळलं.

आधी क्लार्क. सहा खाटांची नोंदणी करायची तर फी भरून करता येईल, पण पुरुष रुग्ण ठेवायचा तर प्रसूतिगृह चालणार नाही, सर्वसाधारण रुग्णालय म्हणून नवा अर्ज. त्याला आणखी नर्स, वेगळं स्वच्छतागृह, वेगळी फी. मी म्हटलं, माझ्याकडे पुरुष रुग्ण एकच आहे. तो म्हणाला, "म्याडम, एक असू द्या की शंभर, कॉलम त्योच."

मग त्या डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. दार लावलं. म्हणाल्या, "मॅडम, मला वाईट वाटतंय. पण मी बघितलं, लिहिलं. आता न बघितल्यासारखं कसं करू?" मी म्हटलं, करूही नका. खरंच म्हटलं. मी तिच्या जागी असते तर मीही लिहिलं असतं. अशा तपासण्या नव्हत्या तेव्हा ह्याच शहरात काय काय चालायचं ते मी बघितलंय.

तिने सरळ सांगितलं. ते रुग्ण नाहीत असं लिहून दिलं, तर केस पेपर बनावट ठरतो, ते प्रकरण पुढे मेडिकल कौन्सिलकडे जातं. रुग्ण आहेत असं लिहिलं, तर बिननोंदणीच्या खाटेचा दंड. "दुसरं सोपं आहे मॅडम. रुग्ण होते, डिस्चार्ज दिला, खाट काढली, असं सुनावणीला दाखवा. डिस्चार्जचा कागद जोडा. दंड भरून मिटेल, नूतनीकरणही होईल."

"आणि ते कुठे जातील?"

ती पेनचं टोपण काढत-लावत राहिली. "घरी," म्हणाली. घरी म्हणजे वर. जिना बाहेरून बंद करून, एकटे, मी खाली असेपर्यंत. तिला ते माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

एक सी-सेक्शन. भूल द्यायला बाहेरचा मुलगा येतो, चांगला आहे, पण बाईशी एक अक्षर बोलत नाही. हे बोलायचे. टाके पडेपर्यंत गप्पा, कुठलं गाव, किती जनावरं, नवऱ्याचा माग कुणाच्या कारखान्यात. बाई हसत हसत बाळाचं रडणं ऐकायची.

खुलासा लिहायला बसले. "सदर इसम हे रुग्ण असून" इथवर लिहिलं. पुढे निदान. केस पेपरवर काय आहे? निरीक्षणाखाली. दोन महिने रोज सही केली त्याच्याखाली. दुसऱ्या कुणी असा केस पेपर माझ्यापुढे आणला असता तर मी तोंडावर फेकला असता. निरीक्षणाखाली हे काय निदान आहे? दोन वर्षांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टने कागदावर लिहून दिलंय. तो कागद मी कपाटात खाली, साड्यांच्या घडीत ठेवलाय. रेवालासुद्धा "जरा विसरतात" एवढंच सांगत आले.

म्हणजे मी खोटं लिहिलं ते खाटेबद्दल नाही. हे खरेच पेशंट आहेत, आणि मी त्यांना खोटे पेशंट समजून राऊंड घेत होते. कागद ह्यांच्यासाठी केला असं सगळ्यांना सांगितलं. मलाच हवा होता तो. रोज पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसायला मला सहीचं निमित्त लागत होतं, नाहीतर मी थांबलेच नसते. बत्तीस वर्षांत किती वेळा थांबले?

२३ जानेवारी, शुक्रवार

राऊंडला निदान खोडलं आणि लिहिलं. स्मृतिभ्रंश. बाजूला आजची तारीख, आजची सही. ह्यांनी पॅड मागितला, वाचला.

"हं," म्हणाले. "नातेवाइकांना कल्पना दिलीत का?"

"दिली."

"काय म्हणाले?"

"सांभाळू म्हणाले."

"सगळे तसंच म्हणतात," असं म्हणून चष्मा काढून ठेवला. कडवट नव्हते. डॉक्टरासारखे बोलले.

संध्याकाळी रेवाला खरं सांगितलं, शब्द उच्चारून. ती रडली. मग म्हणाली, मला आधीच माहीत होतं आई, तू कधी सांगतेस ते बघत होते. म्हणजे घरात मी एकटीच निरीक्षणाखाली होते.

२५ जानेवारी, रविवार

खुलासा झाला. एक पान. पती असून रुग्ण आहेत, खाट मंजूर संख्येबाहेरची आहे, चूक मान्य, दंड भरते. विनंती: एक खाट रुग्णाची नव्हे, कुटुंबीयाची म्हणून वॉर्डात राहू द्यावी. असा नियम नाही हे मला ठाऊक आहे. मुमताजला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, ये तो चिठ्ठी हय, खुलासा नहीं." खुलासाच आहे, म्हटलं.

तो आणि नोटीस एकत्र पिन मारून टेबलावर ठेवले. जोडायला डिस्चार्जचा कागद नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी ओपीडी भरलेली. करकंबहून एक मुलगी आली, पहिलटकरीण, घाबरलेली, तिच्यातच बारा वाजले. टेबलावरचे कागद मुमताजने आवरून ठेवले होते. सगळे पॅड एकसारखे. नोटीस आणि खुलासा तिने सहा नंबरच्या पॅडला लावले. तिचा काय दोष, नाव ह्यांचंच होतं त्यावर.

एकला मी वॉर्डात गेले तर हे झोपलेले नाहीत. खाट आवरलेली. चादरीच्या घडीला घडी लावलेली, उशी वर. टॉवेल, चष्म्याचं घर, कंगवा कापडी पिशवीत भरून पिशवी मांडीवर. मावशी कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभ्या.

ह्यांनी पॅड पुढे केला. केस पेपरवर, माझ्या कालच्या सहीखाली, ह्यांचं अक्षर. मी वर्षभरात बघितलं नव्हतं. ओळ थोडी वर चढत गेलेली, पण ऑपरेशनच्या नोंदी लिहायचे तेच अक्षर, वेळेसकट.

"दु. १२.४०. पेशंट स्थिर. तक्रार नाही. खाटेची अडचण होत असल्याने स्वतःच्या इच्छेने डिस्चार्ज."

खाली सही. शेजारी रेघ मारून, "डॉक्टरांची सही" म्हणून जागा सोडलेली.

सगळं कळून लिहिलं का? की नोटिशीतला एखादा शब्द दिसला आणि हाताने आपोआप लिहिलं? विचारलं, "का जायचंय?"

"तुमचं प्रमाणपत्र पाचाचं आहे बाई. मी सहावा."

"घरी कोण आहे बघायला?"

"बायको आहे. पण तिचा दवाखाना असतो, तिला वेळ होत नाही." मग मला समजावल्यासारखं, "मी बघीन माझं. तुम्ही सही करा."

पेन माझ्या हातात होतं. ही सही केली की उद्या अकरा वाजता सगळं मिटतं. दंड, नूतनीकरण, एप्रिलची काळजी. जोडायला हवा होता तो कागद ह्यांनीच लिहून दिलाय, माझ्यासाठी, आणि मी कोण हे ठाऊक नसताना.

म्हटलं, संध्याकाळचा राऊंड झाल्याशिवाय कुणालाच सोडत नाही मी. हे हसले. "नियम चांगला आहे," म्हणाले.

आता साडेचार. करकंबच्या मुलीला कळा सुरू झाल्यात, मावशी दोनदा बोलावून गेल्या. हे पिशवी मांडीवर घेऊन आवरलेल्या खाटेच्या काठावर बसलेत आणि दाराकडे बघताहेत. सही अजून केलेली नाही.